शहाबानो चाची आणि सात मिरच्या

माझा दृष्टबिष्टीवर काडीचा विश्वास नाही. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा ती शहाबानो चाचींच्या दारावरून नेली, ती केवळ रस्ता तिकडून जातो म्हणून. त्या मीठमोहऱ्या घेऊन उभ्याच होत्या, मग थांबलो. दुकानदाराला सगळ्यांचं मन राखावं लागतं. कारेगावात, एमआयडीसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, माझं किराण्याचं दुकान आहे, आणि चाचींची मिरची माझ्याकडूनच जाते. म्हणून तर ही सगळी भानगड मला सांगावी लागतेय.

चाची पासष्टीच्या. माहेर पाटसचं. नवरा बाबुलाल चाचा हायवेला पंक्चर काढतो आणि बायकोच्या विद्येबद्दल एक शब्द बोलत नाही. ही विद्या चाचींना सासूकडून मिळाली. सासूला कुणाकडून मिळाली असं विचारलं तर म्हणतात, "त्येंच्या टायमाला कोन इचारत व्हतं का?" हिंदू असो, मुसलमान असो, रूमवर राहणारा बिहारचा पोरगा असो, दृष्ट सगळ्यांची एकच. मीठ, मोहरी आणि सात लाल लवंगी मिरच्या मुठीत धरून सात वेळा उतरायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरची जळून ठसका लागला तर काही झालेलं नाही, माणूस ठणठणीत. ठसका लागला नाही तर समजायचं, दृष्ट होती आणि ती मिरचीनं खाल्ली.

चाचींचं वर्ष आमच्या कॅलेंडरसारखं जानेवारीत सुरू होत नाही. ते चैत्रात बैलगाड्यांच्या शर्यतीला सुरू होतं. शर्यतीच्या घाटात पळणारा बैल म्हणजे सगळ्या तालुक्याचे डोळे त्याच्यावर, त्यामुळं शर्यतीच्या आदल्या दिवशी चाचींच्या दारात टेम्पोंची रांग. वैशाखात नवरा-नवरी. जूनमध्ये शाळेत जाणारी पोरं, नवं दप्तर, नवा डबा घेऊन ओळीनं उभी. बकरी ईदच्या आधी बोकड. पोळ्याला पुन्हा बैल, दसऱ्याला मशिनी, आणि दिवाळी झाली की पाटसच्या कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर. गळीत संपेपर्यंत चाचींना उसंत नसते. मध्ये निमोण्याच्या एका पोराची जर्मनीत दृष्ट काढली, व्हिडिओ कॉलवर. चार वेळा उतरून झालं आणि रेंज गेली. उरलेल्या तीन वेळा त्यांनी बंद मोबाईलवरून उतरवलं. पोरगं बरं आहे म्हणे.

बदल्यात त्या घेतात फक्त एक कप चहा. आणि एक नियम कडक पाळतात. दृष्ट लागली हे सांगायचं, कुणाची लागली ते कधीही सांगायचं नाही. एकदा एका बाईनं, "जावेचीच ना? नुसती मान हलवा," म्हणून पाय धरले. चाची म्हणाल्या, "माझं काम काढायचं हाय, लावायचं न्हाई."

आता माझा पराक्रम. एमआयडीसीतल्या एका कंपनीत चाचींना मशिनींसाठी बोलावतात. तिथं एकदा मोहरीचे दाणे मशीनमध्ये गेले आणि सेफ्टीवाल्यांनी सुटं मीठमोहरी बंद केलं. तेव्हा मी डोकं चालवलं. जाड कागदाची घट्ट बांधलेली पुडी, आत मोजून सात मिरच्या, मीठ, मोहरी. न उघडता उतरायची, न उघडता निखाऱ्यावर टाकायची. सेफ्टीवाले खूष, चाची खूष. मी तर इतका खूष झालो की पुडीवर दुकानाचा शिक्का मारायला लागलो.

श्रावणात सविता या कंपनीत लागली. निमोण्याची पोरगी, आयटीआय केलेली, आमच्या मागच्या चाळीत मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहायची. घरी वडिलांशी भांडून आलेली. वडिलांनी बजावलं होतं, "सा म्हयने देतो. नोकरी टिकली तर टिकली, न्हाय तर गुमान परत यायचं, स्थळ बघून ठेवलंय." पोरगी रोज सकाळी दुकानात दुधाची पिशवी घ्यायला यायची आणि मला मशीनबद्दल सांगायची. जणू ती मशीन तिचं धाकटं भावंड.

पोळ्याच्या सुमारास तिची तीन नंबरची मशीन बंद पडायला लागली. मध्येच थांबायची, पुन्हा चालू केली की चालायची. मेंटेनन्सवाल्यांनी दोन सेन्सर बदलले. सविता सांगत होती, "खालचं पॅनेल उघडून बघा, आतनं आवाज येतोय." पण खालच्या पॅनेलला वॉरंटीचं सील होतं, ते तोडायचं कुणी? सुपरवायझर विश्वजीत तर मुळीच तोडणार नव्हता. नव्यानंच सुपरवायझर झालेला, सहीला घाबरणारा माणूस. सील तोडायला सही लागते. दृष्ट काढायला लागत नाही. त्यानं चाचींना बोलावलं.

चाची गेल्या, पुडी उतरवली. "आल्याची, गेल्याची, शिफ्टवाल्याची, ऑडिटवाल्याची," असं पुटपुटत निखाऱ्यावर टाकली. पुडी जळाली, मिरच्या जळाल्या, आणि शेडमधल्या तीस माणसांपैकी एकालाही ठसका लागला नाही.

"लागलीय," चाची म्हणाल्या. "जबर लागलीय."

एवढंच बोलून, चहा पिऊन त्या घरी आल्या. पण मागं शेडमध्ये जे सुरू झालं ते वाईट होतं. कुणाची लागली? मशीन कधीपासून बंद पडतेय? नवीन कोण आलं? विश्वजीतनं तर आणखी पुरावा काढला. म्हणाला, "हिनं मशीनला हात लावला की पाल चुकचुकते. मी स्वतः ऐकलंय, तीनदा." झालं. सविताला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं आणि दसऱ्यापर्यंतच यायचं, असं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी कुणी डबा उघडेना. सकाळी दुधाला यायची, पण आता मशीनचं नाव काढायची नाही. मला वाईट वाटायचं. पण मी काय करणार, असं म्हणून मी दुधाची पिशवी पुढं करायचो.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत अख्ख्या कारेगावाला दृष्ट लागली होती. पोळ्याचे बैल, सरपंचांची गाडी, मोबाईलचं नवं दुकान, तान्ही पोरं, कुणाचीही काढा, ठसका म्हणून लागेना. लोक एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. दाराला काळ्या बाहुल्या लागल्या. माझ्या दुकानातल्या बाहुल्या आणि लिंबं दुपारच्या आत संपायची. चाची थकून गेल्या होत्या. म्हणायच्या, "दत्ता, मानसांच्या डोळ्यात इतकं जहर कवापासून आलं रे?" मीही मान हलवून म्हणायचो, "कलियुग, चाची."

कलियुग कसलं डोंबलाचं! पितृपंधरवड्यात माझ्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं. बायकोनं दुकानातलीच मिरची वापरून आमटी केली. मेहुण्यानं एक भुरका मारला आणि म्हणाला, "भाऊजी, ही आमटी हाय का सरबत?" बायको तरातरा दुकानात गेली आणि पोत्यात हात घालून मूठभर मिरच्या माझ्या पानाशेजारी आणून टाकल्या. लांब, सुरकुतलेल्या, लालभडक ब्याडगी. रंगाला एक नंबर, तिखटाला शून्य. श्रावणात लवंगी संपली होती, आणि पावसामुळं नवा माल येईना म्हणून पुड्या बांधताना मी ब्याडगीच्या पोत्यात हात घातला होता. लाल ती मिरची, असं म्हणून. आणि पुडी पडली बंद. चाचींनी मिरची डोळ्यानं पाहिली असती तर पोतं माझ्या डोक्यावर ओतलं असतं.

म्हणजे दृष्ट कुणालाच लागली नव्हती. बैलांना नाही, सरपंचांच्या गाडीला नाही, तीन नंबरच्या मशीनला नाही.

लगेच जाऊन चाचींना सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. खरं सांगतो, घाबरलो. गावात कळलं असतं तर माझ्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. नवरात्राच्या नऊ दिवसांत मी नऊ वेळा चाचींच्या दारापर्यंत गेलो आणि "चाची, साखर हवी का?" असं विचारून परत आलो. शेवटी चाचीच म्हणाल्या, "अरं, घरात मुंग्या झाल्या. किती साखर इकतोस?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सविता आली. दूध घेतलं नाही. म्हणाली, "दत्ताभाऊ, उद्यापासनं दूध ठेवू नका माझं. वडील न्यायला येनार हायेत." हसून म्हणाली. ती वळायच्या आत मी दुकान तसंच उघडं टाकून चाचींच्या घरी गेलो आणि एका दमात सगळं ओकलो.

मला वाटलं, आता चप्पल येणार. चाचींनी फक्त विचारलं, "त्या पोरीचं कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"पितृपंधरवड्यापासनं."

"पंधरा दिस," चाची म्हणाल्या. "पंधरा दिस तू साखर इचारत हुतास." मग कोनाड्यातली शिक्क्याची पुडी हातात घेतली. "अन् मी? मला तरी पुडी उघडून बघायला काय झालं हुतं? सासू हर मिरची मोडून बघायची. मी शिक्का बघून गप बसले." उठल्या, खांद्यावर पदर घेतला. "लवंगी कुठं मिळंल? शिरूरच्या बाजारात मिळंल. जा."

मी गेलो. आणि मिरच्या मोडून, जिभेला लावून, डोळ्यांतून पाणी काढत आणल्या.

दसऱ्याला कंपनीत मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. माळा, नारळ, पेढे माझ्याच दुकानातले, त्यामुळं मीही हजर. पॅकिंगच्या कोपऱ्यात सविता उभी होती. पूजा झाली आणि विश्वजीत म्हणाला, "चाची, तीन नंबरची तेवढी परत एकदा काढा. बाकी प्रॉब्लेम आज सॉल्व्ह होतोयच."

चाचींनी सविताला हाक मारली. हाताला धरून मशीनशेजारी उभं केलं. मग सगळ्यांसमोर पुडी सोडली आणि एक मिरची वर धरली. "मागल्या टायमाला मिरची चुकली हुती. ब्याडगी हुती. ब्याडगी कशी ठसकंल? चूक माझी हाय. मी न बघता बोलले. ह्या पोरीवर आळ आला त्यो माझ्यामुळं."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. चाळीस वर्षांचं नाव चाची आपल्या हातानं खाली उतरवत होत्या, आणि मिरची कुणाच्या दुकानातली ते सांगत नव्हत्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लावायचं नाही, हा नियम त्या माझ्यासाठीही पाळत होत्या. मला माझीच लाज वाटली, इतकी की मी झेंडूची पाटी खाली ठेवून पुढं झालो. "थांबा, ती मिरची..." असं म्हणालो, आणि तेवढ्यात चाचींनी मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या.

पुढचं वाक्य माझं कुणाला ऐकूच आलं नाही. सात लवंगी मिरच्या! आधी मी ठसकलो, मग विश्वजीत, मग सगळी शेड. माणसं खोकता खोकता मशिनींना धरून वाकली. छतावरचा धुराचा सेन्सर कोकलायला लागला, भोंगा वाजला, मेन स्विच बंद झाला आणि अख्खी कंपनी नाकाला रुमाल लावून गेटबाहेर आली. चाची एकट्या डोळे पुसत म्हणत होत्या, "काय न्हाई! मशीनला काय बी झालेलं न्हाई!"

"मंग बंद का पडते?" कुणीतरी खोकत विचारलं.

सविता म्हणाली, "खालचं पॅनेल उघडा की. आता लाइट बंदच हाय."

खोकून खोकून विश्वजीतचा आवाजच गेला होता. त्यानं नुसता हात हलवला. तो हो म्हणाला की नाही ते कुणाला कळलं नाही. इलेक्ट्रिशियननं ते हो धरलं आणि आत जाऊन सील तोडलं; विश्वजीत आणि आम्ही मागोमाग होतोच. पावसाळ्यात दिव्यावरच्या किड्यांमागं आलेली एक लठ्ठ पाल आत संसार थाटून बसली होती. शेजारी दोन पांढरी अंडी आणि विजेच्या संपर्काच्या पट्ट्यांवर जळकी, तुटकी शेपटी. पॅनेल उघडताच ती विश्वजीतकडं बघून चुकचुकली. चौथ्यांदा.

मशीन तासाभरात चालू झाली, आणि चालवायला सविताच होती. वडील दुपारी आले. गेटवर त्यांना पेढे मिळाले. "सा म्हयने व्हायचेत अजून," असं स्वतःशीच म्हणत ते निमोण्याच्या गाडीत बसले. मी त्या संध्याकाळी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मिरचीचं खरं सांगितलं. पायरी चढायचं कुणी सोडलं नाही. काहींनी शिव्या दिल्या, सरपंचांनी काळी बाहुली परत आणून दिली.

आता दिवाळी झालीय, पाटसकडं उसाचे ट्रॅक्टर निघालेत आणि चाचींचा सीझन जोरात आहे. त्या दुकानात येतात, शिक्क्याची पुडी सोडतात, एक मिरची मोडून काडीनं पेटवतात आणि माझ्या नाकाखाली धरतात. गिऱ्हाईक असो, पाहुणे असोत, त्यांना फरक पडत नाही. मी ठसकतो, डोळ्यांतून पाणी येतं, मगच सातवी मिरची भरून पुडी पुन्हा बांधली जाते.

परवा एका परक्या ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून विचारलं, "मावशी, ह्येंना काय झालं वो?"

चाची पुडी कनवटीला लावत म्हणाल्या, "काय बी न्हाई झालं. लई चांगलं मानूस हाय, दृष्ट न्हाई लागलेली."