अज्जाच्या नावाची नळी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आयुधपूजेला आमच्या लॅबमधली सगळी मशिनं पुसून-बिसून, हार घालून ठेवतात, आणि "सेंट्रिफ्यूजला कुंकू लावू नका हो" म्हणून दरवर्षी एक मराठी बाई भांडते... ती मीच. मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी हेब्बाळला लागली म्हणून म्हैसूरला आले, घर जयलक्ष्मीपुरमला. या सदरातले अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवले आणि खो खो हसले. आता माझ्यावरच पाळी आलीय, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मणक्याचा एक सांधेदुखीचा आजार असतो. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. कंबरेच्या तळापासून सूज सुरू होते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर काहींचे मणके एकमेकांना जुळत जातात. मग पाठ वाकत नाही, मान वळत नाही. बाजूला बघायचं तर माणसाला अख्खं वळावं लागतं. बी-सत्तावीस नावाचं एक जनुक याच्याशी जोडलेलं आहे. ते असलं म्हणजे आजार होतोच असं नाही, आणि नसलं म्हणजे होतच नाही असंही नाही. पण काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. आम्ही अशा घरांतल्या सगळ्यांचं रक्त घेतो आणि कुणाकडून कुणाकडे काय गेलं ते शोधतो.

असंच एक घर मला वरुणा गावाच्या बाजूला मिळालं. म्हैसूरच्या जुन्या पलटणीतल्या मराठ्यांचं घर. आता ऊस, भात, दोन गाई, आणि पोरं शहरात नोकरीला. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी गारच पडले होते. "बा गं, सुम्ने बस, स्वल्प कॉफी घे, आमेले बोलू." म्हणजे ये गं, नुसती बस, थोडी कॉफी घे, मग बोलू. घरातला कारभार सोनात्यांचा. त्या घरधनी यशवंतरावांच्या थोरल्या बहीण, सत्तरीच्या पुढच्या, आवाज असा की गाय उठून उभी राहील. धाकटे भाऊ मनोजीकाका, त्यांची पाठ पार आखडलेली. आणि यशवंतरावांची मुलगी सविता... खरं तर माझा जीव तिच्यातच अडकला होता.

सविता हेब्बाळला कंपनीत कामाला. सकाळी उठली की तासभर तिला पायात चप्पल नीट घालता येत नसे. कंपनीच्या बसमध्ये जागा असूनही उभीच राहायची, कारण बसलं की जास्त दुखतं, हललं-चाललं की बरं वाटतं. या आजाराचं हेच तर मुख्य लक्षण! पण यशवंतराव ऐकतील तर शपथ. "तो गंड्यांचा रोग आहे मॅडम, बायकांना होत नाही. कॉम्प्युटरसमोर बसून बसून दुखतंय अल्वा?" गंडू म्हणजे कन्नडमध्ये पुरुष, अल्वा म्हणजे नाही का. त्यातून तिचं लग्न ठरत आलेलं. काकाचा आजार पोरीला आहे असं बाहेर फुटायला नको, ही खरी मेख.

"रक्ताच्या तपासात निघालं तर मानेन," एवढं मात्र ते कबूल झाले.

घरातले सगळे एका जागी सापडायचे ते खंडेनवमीलाच. त्या दिवशी जुनी तलवार बाहेर काढून पूजा करतात, मटण असतं, सगळी पोरंबाळं येतात. आधी मी फोन करून सोनात्यांकडून घरातली नावं घेतली आणि त्यांची लेबलं नळ्यांना चिकटवून ठेवली. त्या दिवशी डबा उघडला तर एक नाव ओळखीचं वाटेना.

"आत्या, हे पिराजीराव कोण?"

"अय्यो, ते आमचे अज्जा नाही का! माझे वडील."

"कुठायत?"

"वर." त्यांनी सरळ कौलांकडे बोट दाखवलं. "सविता जन्मायच्या आधीच गेले. पण घरची माणसं मोजायची तर पहिले अज्जा, असंच मोजतो आम्ही. पान पण मांडतो त्यांचं."

आणि खरंच, आत पंगतीत भिंतीकडेला एक केळीचं पान मांडलेलं होतं, पाण्याचा तांब्या भरून. मी कपाळावर हात मारला. अज्जाच्या नावाची रिकामी नळी डब्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि विसरून गेले.

रक्त काढायला माझ्याबरोबर नागरत्ना होती, आमच्या लॅबची टेक्निशियन. ती मागच्या दारी, गोठ्याच्या सावलीत टेबल मांडून बसली. मी पुढच्या जगलीवर, म्हणजे ओसरीवर, मनोजीकाकांची पाठ तपासत होते, म्हणजे ते किती वाकतात, मान किती वळते, सगळं. मधेच कॉफी आली, गप्पा झाल्या. आत सोनात्या ओरडत होत्या, "आटपा गं, मटण गार होतंय!" मग जेवलो आणि नळ्या घेऊन परतलो. लॅबमध्ये पूजा आटपून सगळे घरी गेलेले, फ्रिजच्या दाराला हळदकुंकवाचे पट्टे. मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि नळ्या आत ठेवल्या.

दसऱ्यानंतर बी-सत्तावीस तपासलं. मनोजीकाकांना होतं, अपेक्षितच. यशवंतरावांनाही निघालं, आणि त्यांची पाठ एकदम ठणठणीत! सविताच्या नळीत मात्र नव्हतं.

मी तिला परोपरीनं सांगितलं, एवढ्यानं आजार नाही असं ठरत नाही, एमआरआय करून घे. पण यशवंतरावांना पेढे वाटायचेच बाकी होते. "बघा मॅडम, मी काय म्हणत होतो?" एमआरआय राहूनच गेला आणि लग्नाची बोलणी पुढे सरकली. सविता फोनवर एवढंच म्हणाली, "म्हणजे मी उगाच नाटक करते असंच ना, मॅडम?" मला फार वाईट वाटलं. रात्रभर दुखणाऱ्या पोरीला वर असं ऐकावं लागावं?

आणि त्याच निकालांत आणखी एक निकाल होता. अज्जाच्या नळीचा. बी-सत्तावीस आहे.

मी नळी जाऊन बघितली. भरलेली होती. नागरत्नाला बोलावलं, जरा चढ्या आवाजातच. ती बिचारी गोंधळली. "मॅडम, तुम्हीच तर नळी ठेवली होती. म्हातारे आले, नाव सांगितलं, मी काढलं." कोण म्हातारे? "तुम्ही पुढे होतात तेव्हा. गोठ्याकडून आले. त्यांना मान वळवता येत नव्हती, अख्खे वळून बघायचे माझ्याकडे." काही बोलले का? "बोलले की. घराकडे हात केला आणि म्हणाले, हुडुगीना नोडी." म्हणजे मुलीकडे बघा.

मान न वळणारा त्या घरात एकच माणूस, मनोजीकाका. आणि ते त्या वेळी माझ्या पुढ्यात बसलेले, माझा हात त्यांच्या पाठीवर. म्हटलं, शेजारचा कुणी म्हातारा असेल, गंमत केली असेल. नाहीतर कुणाचं तरी रक्त दोनदा घेतलं गेलं असेल. ते कुणाचं, एवढंच शोधायचं म्हणून नात्यांची तपासणी लगेच लावली. एरवी ती सगळ्यात शेवटी करतो, सगळ्या घरांचे नमुने जमल्यावर.

या तपासणीत जनुकांमधल्या खुणा बघतात. प्रत्येक खुणेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाची. बापाच्या दोन प्रतींपैकी एक मुलात सापडलीच पाहिजे, प्रत्येक ठिकाणी. भाऊ-काका असेल तर कुठे ना कुठे मेळ चुकतो.

अज्जाच्या नळीतलं रक्त घरातल्या कुणाचंच दुसऱ्यांदा घेतलेलं नव्हतं. पण सोनात्या, यशवंतराव, मनोजीकाका, तिघांशीही ते बाप म्हणून जुळत होतं. एकाही ठिकाणी चूक नाही.

मी सगळा तक्ता पुन्हा तपासला, तेच. पण घाबरायला वेळ नव्हता, कारण त्याच तपासणीत दुसरी गोष्ट निघाली होती. सविताच्या नळीतलं रक्त यशवंतरावांच्या मुलीचं नव्हतंच!

आमच्या धंद्यात अशी वेळ येते. मग तोंडाला कुलूप लावायचं, कुणाचा संसार मोडायचा नाही. पण ते रक्त सविताच्या आईशीसुद्धा जुळेना. मग घोळ नळीचाच. मी सोनात्यांना फोन केला आणि खोदून खोदून विचारलं, त्या दिवशी मागच्या दारी कोण कधी गेलं.

उलगडा झाला तो असा. सविताची वहिनी गायत्री. तिचं माहेरचं नाव सविताच! घरात आधीच एक सविता, म्हणून लग्नात नाव बदललं, पण बँकेत, आधार कार्डावर अजून जुनंच. नागरत्नानं "सविता" अशी हाक मारली, तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनीच उठून गेली. शेवटी गायत्रीच्या नावाची एक नळी उरली आणि एक बाई उरली. सोनात्यांनी सविताला ढकललं, "राहिलीस तूच, जा." नाव पुन्हा विचारायचं राहून गेलं, मटण गार होत होतं ना!

गायत्रीच्या नावाच्या नळीत बी-सत्तावीस होतं. त्याकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. सून बाहेरची, तिच्या निकालाचं कुणाला काय? मी सविताला लॅबमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं पुन्हा रक्त घेतलं. आहे. यशवंतराव शब्दाला जागले, मुकाट्यानं तिला एमआरआयला घेऊन गेले. कंबरेच्या सांध्यांत सूज भरपूर, पण हाडं अजून जुळायला लागलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ता आलात. यशवंतराव बाहेरच्या बाकावर बसून रडले. "माझ्यामुळे पोरीची पाठ गेली असती की हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. लग्नाचं म्हणाल तर मुलाला सवितानं स्वतःच सगळं सांगितलं. या आजारात पोहायचा व्यायाम सांगतात, त्यानं एवढंच विचारलं, "पोहायला जायचं असेल ना? कुठल्या तलावात जायचं?"

राहिली ती नळी. मी कमी डोकं खाजवलं नाही. दोघातिघांच्या रक्ताची सरमिसळ? मग खुणांच्या दोनाहून जास्त प्रती दिसायला हव्यात, त्या दिसत नाहीत. अज्जांचा जुळा भाऊ? सोनात्या पोट धरून हसल्या. "एका अज्जानंच घर डोक्यावर घेतलं होतं, दुसरा कुठला गं?" मग मी विचारलं, अज्जांची मान वळायची का? त्या हसायच्या थांबल्या. "नाही. पलटणीत असताना पडले म्हणून, असं सगळे म्हणायचे. आम्हाला हाक मारली की अख्खे वळायचे."

नियमाप्रमाणे संमतीशिवाय घेतलेला नमुना ठेवता येत नाही. तो नष्ट करावा लागतो, आणि मी केला. सोनात्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंस. त्यांचं काम झालं." मला ते पटलं नाही. दुसरं काही सुचतही नाही. नागरत्ना आजही तेच सांगते, शब्द न बदलता.

पुढच्या खंडेनवमीला मला जेवायचं बोलावणं आलं. सविता वाढत होती. हातात भाताचं पातेलं, आणि भिंतीकडेच्या अज्जाच्या पानावर वाढायला ती कमरेतून पूर्ण वाकली, कशाचाही आधार न घेता सरळ उभी राहिली. मी बघतच राहिले, डोळे भरून आले. माझं पान नेमकं त्या पानाशेजारी मांडलेलं. मी हात जोडले नाहीत, तसलं काही माझ्याच्यानं होत नाही. पण बसताना माझं पान मी जरा अलीकडे ओढून घेतलं. मान वळत नसली की माणसाला अख्खं वळावं लागतं, जागा लागते.