मीपण तेच पितो

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, "पाणी सगळ्यांना एकाच टाकीचं येतं. मीपण तेच पितो." ते वाक्य मी साडेचार महिने जपून ठेवलं. लोणचं मुरायला ठेवतात तसं, झाकण घट्ट लावून.

पण आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच डूख धरून बसलीय. डूख धरलाच आहे, पण उगाच नाही.

विरार पश्चिमेला आमची चार मजली बिल्डिंग. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवर जातं आणि मग आमच्या नळांना. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून काम केलं. काचेच्या नळ्या धुण्यात हयात गेली. आमचे हे मला चिडवायचे, की तू भाजीसुद्धा परीक्षेला बसवल्यासारखी धुतेस. प्यायला फिल्टर होता, त्याची कँडल वेळच्या वेळी बदलायचे. स्वच्छतेचा मला जरा माजच होता म्हणा ना.

एकुलती एक लेक वसई गावात दिलेली, किल्ल्याच्या अंगाला. जुनं घर, परसात विहीर. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, हे ठरलेलंच. विहीणबाईंनी सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून पोरीला माझ्याकडे पाठवली. मी पाट घासून ठेवला, वेखंड आणलं, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. मला नात किंवा नातू, जे होईल ते, माझ्या दोन्ही पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं होतं. तो एकच डोहाळा मला लागला होता. लेकीला लागला काकडीचा. रोज कोशिंबीर, आणि वर "आई, एक नुसतीच दे ना चावायला."

मी काकडी धुवायचे. नळाखाली. फिल्टरच्या पाण्याने कोण धुतं हो काकडी?

महिनाभरात तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ, आणि तीही दूषित पाण्यातून होणारी, जी पोटुशीला सगळ्यात वाईट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं, फिल्टरचं. त्यांनी पुढचं विचारलं, "आणि भाज्या कशाने धुता? दात कशाने घासता?" त्या क्षणी मला माझे स्वतःचे हात नकोसे झाले. त्या रात्री काय आणि पुढच्या आठवड्यात काय, नुसती धावाधाव. बाळ वेळेआधीच आलं. मुलगी. काचेच्या पेटीत, माझ्या तळहातापेक्षा जरा मोठी. लेक दोन दिवस कुणाला ओळखत नव्हती. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांचे हात म्हणा, दोघी वाचल्या.

विहीणबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ-बाळंतीण आमच्याकडेच येतील आता. राग मानू नका. पण त्या नळाच्या पाण्याने माझ्या नातीला आंघोळसुद्धा नको." मी मान हलवली. घरी येऊन घासलेला पाट पलंगाखाली सरकवला.

नात अजून पेटीतच होती तेव्हा सोसायटीची मीटिंग लागली. मी उठून म्हटलं, खालची टाकी उघडा, शेजारीच ड्रेनेजचा चेंबर आहे, कुठेतरी गळत असणार. सेक्रेटरीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बिल्डिंगच्या रंगकामाचं ठरलंय, टाकीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. मग ते वाक्य आलं, "मीपण तेच पितो." आणि त्याच्या शेपटीला, "बाकी कुणाला काही झालं नाही. आता एखाद्या घरातच स्वच्छता नसेल, तर त्याला सोसायटी काय करणार?"

दोन-चार जण हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं नळ्या धुतलेल्या बाईला हा माणूस घाणेरडी म्हणतोय, आणि तिची नात काचेत आहे! आमचे हे माझा पदर ओढत होते, "बस, बस." बसले. पण मनात म्हटलं, थांब लेका. तुला हे वाक्य परत गिळायला लावलं नाही तर नावाची नाही मी.

कॉलेजात पर्यावरणाच्या प्रकल्पाला आम्ही पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणायचो. बोटभर उंचीची काचेची बाटली, तळाशी औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवायची. पाण्यात संडासातली घाण मिसळलेली असेल तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. चांगलं असेल तर कोऱ्या चहासारखं पिवळसर राहतं. कॉलेजला सामान देणाऱ्या दुकानातून मी एक आणली. आमच्या नळाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली डांबरासारखी काळी.

ती घेऊन सेक्रेटरीच्या दारात गेले. त्याने हातातसुद्धा घेतली नाही. "तुमच्या घरातला पाइप सडला असेल, मॅडम. एका बाटलीवरून बिल्डिंगला बदनाम करू नका." आणि दार लावून घेतलं. तोंडावर.

मी काही दिवस नुसती धुमसत होते. मग एका सकाळी अर्नाळ्याची मासेवाली आली. वर्षानुवर्षं आमच्या बिल्डिंगला बोंबील-मांदेली देणारी बाई. दारोदारी मासे साफ करून देते आणि त्याच दारात पाणी मागून हात धुते. त्या दिवशी हात धुतले, नाकाशी नेले आणि म्हणाली, "बाय, तुमचं पानी वास मारतं. सगल्यांचंच मारतं. त्या पयल्या मजल्यावर शेक्रेटरीकडं तेवढं नाय मारत."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"नाय मारत म्हनते. त्यांचं पानी एकदम गार, गोडं."

मी त्या दिवशी तिच्याकडून गरजेपेक्षा दुप्पट बोंबील घेतले.

एकाच टाकीचं पाणी एका घरात वास मारतं आणि दुसऱ्यात मारत नाही, असं कसं? पण मासेवालीचं नाक काही मीटिंगमध्ये चालणार नव्हतं. मला त्याच्या स्वयंपाकघरातलं पाणी बाटलीत हवं होतं, आणि तो काही मला दारात उभी करणार नव्हता. इतक्यात संक्रांत आली, आणि मला एकदम हसू फुटलं. हळदीकुंकवाला वाण लुटतात. कुणी प्लास्टिकचे डबे देतं, कुणी कंगवे, कुणी गाळण्या. दिलेलं वाण कुठली सवाष्ण परत करते? मी दुकानात जाऊन बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरासाठी एक अशा बाटल्या आणल्या. प्रत्येकीवर फ्लॅटचा नंबर चिकटवला, गळ्यात लाल दोरा बांधला. आमचे हे म्हणाले, "तू वेडी झालीयेस." मी म्हटलं, "झालेय. तुम्ही तिळाच्या वड्या पाडा."

प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी हळदीकुंकू ठेवलं. बायका नटूनथटून आल्या. मी प्रत्येकीला सांगितलं, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी या खुणेपर्यंत भरा, उबेला ठेवा, आणि सव्वीसला झेंडावंदनाला खाली घेऊन या. एक गंमत आहे. सेक्रेटरीची बायको सगळ्यात शेवटी आली. साधी, कमी बोलणारी बाई. तिला कुंकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या" एवढंच म्हटलं. "गोड बोला" काही माझ्या तोंडातून निघेना. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. "नळाचंच भरायचं?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर निघून गेली.

ते दोन दिवस बिल्डिंगमध्ये नुसता धुमाकूळ. एकीला वाटलं अत्तर आहे, तिने हाताला लावून पाहिलं. एकीने फ्रीजमध्ये ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाण म्हणून ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या सकाळी पूजेला बसल्या तर देवाच्या शेजारी काळंकुट्ट! त्यांची किंकाळी वरपर्यंत ऐकू आली. मी चहा पीत होते. खोटं कशाला सांगू, तो चहा मला फार गोड लागला.

सव्वीसला झेंडा फडकला. सेक्रेटरी पांढऱ्याशुभ्र कपड्यात, छातीला तिरंग्याचा बिल्ला. स्वच्छतेवर चार शब्द बोलला. हो, स्वच्छतेवरच! तोवर मी जिलेबीच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडून वर पांढरी चादर घातली होती. बायका एकेक करून बाटल्या आणून ठेवू लागल्या. काळी. काळी. काळी. फ्रीजवाली जरा करडी, पण पिवळसर म्हणायला जीभ वळली नसती. लोक जिलेबी हातात धरून टेबलाभोवती जमले. एकाने विचारलं आणि मी सांगितलं, काळं म्हणजे काय ते. खाणाऱ्यांचे हात थांबले.

सेक्रेटरीची बायको येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती आली. पदराखालून बाटली काढली, रांगेच्या टोकाला ठेवली आणि बाजूला उभी राहिली. कोऱ्या चहासारखी पिवळसर, आरपार दिसणारी.

सगळ्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग सेक्रेटरीकडे. मी महिनोन् महिने मनात भाषण रचलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. एवढंच विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, तुम्हीपण तेच पिता ना?"

तो लालबुंद झाला. "आमचं फिल्टरचं भरलं असेल हिने! हिला काय कळतंय?"

त्याची बायको अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्याकडे फिल्टर आहे कुठे?"

बास. मला पुढे काही करावंच लागलं नाही. चार पुरुष तडक पाण्याच्या मीटरशी गेले. फरशीच्या दोन लाद्या उचलल्या, तर महापालिकेचा पाइप टाकीत पडायच्या आधीच त्याला एक फाटा जोडलेला. तो भिंतीआडून थेट पहिल्या मजल्यावर, सेक्रेटरीच्या माळ्यावरच्या टाकीत. म्हणजे ह्याला टाकी फुटल्याचं ठाऊक होतं. स्वतःपुरता उपाय केला, आणि आमच्या माथी रंगकाम मारलं. माझ्या लेकीला ह्याने एक शब्द सांगितला असता, फक्त एक शब्द, तर मी काकडी उकळलेल्या पाण्याने धुतली असती.

टाकीचं काम लगेच करायचं ठरलं. मी म्हटलं, "आधी ह्यांचा फाटा तोडा. ह्यांना आमची लाइन द्या. मग टाकीला हात लावा." कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना मॅडम, एकदमच करू. मी जाऊ दिलं नाही. साडेचार महिने न झालेलं काम मग आठ दिवसांत झालं, कारण आता सेक्रेटरीच्या नळालाही वास येत होता. त्या आठ दिवसांत त्याच्याकडे पाण्याचे जार यायचे. जारवाला खाली उभा राहून विचारायचा, कुठे द्यायचे? मी बाल्कनीतून ओरडून सांगायचे, "पहिला मजला! सेक्रेटरीसाहेबांकडे! ते आता आपलं पीत नाहीत!"

त्याची बायको त्या दिवसांत एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "मला फाट्याचं माहीत होतं. तुमची लेक आजारी पडली तेव्हाच बोलायला हवं होतं." तिला एक कळशीभर फिल्टरचं पाणी देता आलं असतं मला. मनात आलंही. नाही दिलं. ते अजून टोचतं, पण थोडंच.

टाकी उघडली तेव्हा चेंबरच्या बाजूच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती आणि खाली काळा गाळ. साफ केली, बुजवली, आतून नवा गिलावा केला. मी परत बाटली भरली. दोन दिवस ठेवली. पिवळसर. आणखी एक भरली, आणखी दोन दिवस. पिवळसर. दोन्हींचा फोटो विहीणबाईंना पाठवला. त्यांचा फोन आला, "या रविवारी पाठवते दोघींना. घाला तुमच्या नातीला न्हाऊ."

रविवारी सकाळी रिक्षा गेटात शिरली तेव्हा सेक्रेटरी, आता माजी सेक्रेटरी, तिथेच होता. बाळाकडे बघून म्हणाला, "आली का नात? चला मॅडम, आता मिटवून टाकू." त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की हो म्हणूनही गेले असते. संध्याकाळी बोलू, म्हटलं.

पाट काढला. पाय पसरून बसले. सहा महिन्यांची नात आता चांगली गुटगुटीत झाली होती. तेल चोळलं, पायांवर घेतली, कोमट पाणी तिच्या पोटावर ओतलं तशी ती खुदकन हसली आणि ओली मूठ तोंडात घालून चोखायला लागली. मी ती मूठ काढायला हात पुढे केला. मग मागे घेतला. मला रडू आलं ते मी पाण्यात लपवलं. धुरी दिली, दुपट्यात गुंडाळली, झोपवली.

लेक स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मी फिल्टरमधून पेला भरून तिच्यासमोर ठेवला. "घे, दमलीस." ती म्हणाली, "हो, ठेव." मी पाट ठेवायला वळले, आणि परत आले तर ती माझ्याकडे पाठ करून पिशवीतली स्टीलची बाटली तोंडाला लावत होती. सासरच्या विहिरीचं, उकळलेलं. मला बघून ओशाळली. "सवय झालीय गं आई. दुसरं काही नाही." तो पेला मीच प्यायले.

संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवलं. तो गेटपाशी उभाच होता. "मग मॅडम? मिटलं ना?"

"नाही," मी म्हटलं. "माझी लेक माझ्या घरात पेलाभर पाणी प्यायली, की सांगते."