सहावा ठिपका

एक आकडा मी मनानं लिहिला होता. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही; बायकोलाही नाही.

तेव्हा मी चंदीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हृदयविकार विभागात शिकत होतो. पंजाबातले ते वाईट दिवस. सकाळचा पेपर उघडला की आधी मेलेल्यांचा आकडा. बावीस सेक्टरात गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. खाली घरमालक, सरकारी नकाशे काढून निवृत्त झालेले सरदारजी. सगळे त्यांना दारजी म्हणायचे, म्हणून मीही. मी कराडचा आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ओए मराठे, इतनी दूर आ गया? पानिपत तो पीछे छूट गया!" आणि खोकला येईपर्यंत स्वतःच हसले.

त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच बेताल व्हायचे, घेरी यायची. आमच्या सरांनी त्यावरची एक गोळी सुरू केली. गोळी गुणाची. घेरी थांबली, दारजी पुन्हा तळ्यावर फिरायला जाऊ लागले. पण ती गोळी अंगात साठत जाते आणि काही जणांचं लिव्हर आतल्या आत बिघडवते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, असा सरांचा दंडक होता.

पहिल्या दोन वेळा दारजी आपले आपण आले. तिसऱ्या वेळी रक्त देऊन परतताना तपासणी नाक्यावर बस थांबवली, आणि नातवाच्या वयाच्या एका जवानानं त्यांना पगडी उतरवायला लावली. पुढची तारीख आली तेव्हा दारजी म्हणाले, "डॉक्टर, मैं नहीं जाऊंगा. जो होना है, हो."

मीच म्हटलं, "आप मत आइए दारजी. मैं यहीं ले लूंगा."

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून त्यांचं रक्त काढायचो. बर्फाच्या थर्मासात नळी ठेवून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायचो, आणि आकडा कार्डावर मीच लिहायचो. नियमात हे बसत नव्हतं. पण मी हॉस्पिटलातलाच, म्हणून सगळे चालवून घ्यायचे. त्यांच्या पत्नी, बीजी, माझ्यापुढे पेला आदळत म्हणायच्या, "पहले खून पीता है, फिर लस्सी!"

दारजी तो आकडा ग्राफपेपरवर मांडायचे. टोक काढलेल्या पेन्सिलीनं एक ठिपका, मग मागच्या ठिपक्यापासून पट्टीनं रेघ. पाच ठिपके झाले तेव्हा कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "देख, सीधी सड़क. बिल्कुल अपने सेक्टर जैसी."

सहाव्या खेपेला नाक्यावर माझा थर्मास उघडायला लावला. नळीतलं लाल बघून जवान बिचकला. त्याचा साहेब येईपर्यंत मी जूनच्या उन्हात उभा, थर्मास उघडा. प्रयोगशाळेत पोचलो तर तिथला माणूस नळी उजेडात धरून म्हणाला, "डॉक्टर साब, ये तो गया. दोबारा लाओ."

दोबारा आणायचं म्हणजे उद्यावर जाणार. आणि संध्याकाळी माझी गाडी होती, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाच ठिपके सरळ रेषेत. सहावा कुठे जाणार? मी कार्डावर मागचाच आकडा दोननं वाढवून लिहिला. दोननं का, तर खरा वाटावा म्हणून. घाईत झालं, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण घाईतल्या माणसाला ते दोन सुचत नाहीत.

घरी जाऊन म्हटलं, "ठीक है, दारजी." त्यांनी ठिपका काढला.

दीड महिन्यानं त्यांची भूक गेली, मग डोळे पिवळे झाले. त्यांना भरती केलं. सरांनी कार्ड पाहिलं. "हे तर आत्ता-आत्तापर्यंत नॉर्मल आहे. गोळीचा प्रताप असता तर आकडा आधी चढला असता. पाण्याची कावीळ असणार, सध्या गावभर आहे. गोळी चालू ठेवा."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. त्यानंतर रोज सकाळी राउंडला तिथेच उभा राहायचो, आणि रोज ते वाक्य आदल्या दिवसापेक्षा अवघड व्हायचं.

अकरा दिवसांनी सरांना स्वतःलाच शंका आली आणि गोळी बंद झाली. पण अंगात साठलेलं औषध निघायला कैक महिने लागतात. दारजींच्या पोटात पाणी झालं, भ्रम होऊ लागला. एकदा मला जवळ बोलावून विचारलं, "सड़क सीधी है ना?" मी हो म्हणालो. दसऱ्याच्या आधी ते गेले; घरच्यांनी पाण्याची कावीळच धरली.

त्या जूनमधला खरा आकडा किती होता, मला ठाऊक नाही. कदाचित नॉर्मलही असेल. ते आता कुणालाच कधी कळणार नाही, हीच माझी करणी. बीजी माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पुत्त, तूने बेटे से बढ़कर सेवा की." मी तो हात फिरवू दिला.

बीजीही आता नाहीत. त्यांची मुलगी मोहालीला असते. मला ती वीरजी, म्हणजे दादा, म्हणते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "वीरजी, मुझे भी दारजी वाली गोली दी है. उनका ग्राफ मेरे पास है, आख़िर तक सीधा. हमारे घर में लिवर का डर नहीं है ना?"

"डर है," मी म्हणालो. "पहला टेस्ट इसी हफ़्ते. फिर हर तीन महीने. ख़ुद लैब में जाकर."

"इतना ज़रूरी है? दारजी का तो आप घर पर ही..."

"ख़ुद जाकर," मी पुन्हा म्हणालो. ती हसली, म्हणाली, आप भी ना, अब बूढ़े हो गए.

त्या ग्राफमधला सहावा ठिपका खोटा आहे आणि तो माझा आहे, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.