दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातला मॉर्टी

मॉर्टी क्रॉलीला समुद्र लागतो. धक्क्याला बांधलेल्या होडीत नुसता पाय ठेवला तरी त्याचा चेहरा हिरवा पडायला लागतो. एकदा आम्ही हौसेनं त्याला खाडीच्या तोंडापर्यंत नेला, तर त्यानं आधी नाश्ता, मग आदल्या रात्रीचं जेवण आणि शेवटी उरलासुरला स्वाभिमान, असं सगळं पाण्यात सोडलं. हा माणूस आमच्या रॉसकीन गावच्या लाइफबोटीवर वीसएक वर्षं काम करतो आणि त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही, हे बाहेरगावच्या लोकांना खरं वाटत नाही.

समुद्रात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या या बोटीवर पगारी कुणी नाही. आमचा तांडेल डोनल हा एरवी लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करतो. मी शाळेत गणित शिकवते. बाकीच्यांत कुणी मासे धरतं, कुणी केस कापतं. कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं, एवढीच अट. आमचा न्हावी गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच सोडून कितीदा तरी पळालाय, आणि ते गिऱ्हाईक टोपी घालून बोट कशी सुटते ते बघायला धक्क्यावर येतं.

डोकं अर्धं राहिलं तर काही बिघडत नाही, गॅस चालू राहिला तर बिघडतं. फार पूर्वी एका नाताळला आम्ही एका मासेमारी बोटीला ओढून परत आलो, तर डोनलच्या स्वयंपाकघराचे पडदे जळून गेलेले. त्यानंतर ठरलं की सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या मॉर्टीकडे राहतील. त्यानं ट्रॅक्टरनं बोट पाण्यात ढकलायची, आणि मग आपल्या हार्डवेअरच्या दुकानाची गाडी काढून घरोघर फिरायचं. शेगड्या बंद करायच्या, पोरं शेजारी पोचवायची, कुत्री आत घ्यायची. समुद्रावर लाटा अंगावर घेताना आमच्या डोक्याला घराचा घोर नसतो, तो मॉर्टीमुळे.

फक्त मॉर्टीला शेगडी बंद करायला सांगितली होती, स्वयंपाक करायला नाही. पण अर्धवट शिजलेलं सोडून येणं त्याच्या जिवावर येतं. तो झाकण काढतो, चमचा बुडवतो, चाखतो, तोंड वाकडं करतो आणि मग बाह्या सरसावतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही खिळे आणायला त्याच्या दुकानात गेलात की तो गिऱ्हाइकांसमोर सांगतो, "तुझ्या मटणाच्या रश्शाला काही चवच नव्हती. मी पांढरी मिरी घातली." पांढरी मिरी तो सगळ्यात घालतो. त्याच्या डगल्याच्या खिशात तिची डबी असते. एका नाताळच्या दुपारी त्यानं पाच घरांतल्या पाच टर्की एकट्यानं भाजून काढल्या. तेव्हापासून डोनलची आई दरवर्षी देवाकडे मागते की नाताळला एखादी छोटीशी दुर्घटना होऊ दे, कुणाला इजा नको, फक्त डोनल घरात नको आणि मॉर्टी यावा.

हे सगळं जिला आवडत नव्हतं ती एकटी डिम्पना, मॉर्टीची बायको. पोस्टात खिडकीमागे बसते, कमी बोलते, आणि जे बोलते ते शिक्का मारल्यासारखं. गावभर पातेली ढवळणारा हा माणूस स्वतःच्या घरात पाणीसुद्धा उकळत नाही, हे तिनं लग्नापासून सोसलं होतं. आल्या आल्या खुर्चीत पसरायचं आणि काय आहे जेवायला म्हणून विचारायचं. या डिसेंबरात एकदा तो चार घरं उरकून आला आणि बसता बसता म्हणाला, "आज फार दमलो. सगळा दिवस स्वयंपाकच करत होतो." डिम्पना त्याच्यासाठी बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बिजागऱ्या घ्यायला दुकानात गेले होते, तेव्हा ती पोस्ट बंद करून तिथं आली. माझ्यासमोरच बोलली. मी बिजागऱ्या फार बारकाईनं बघायला लागले.

"या खेपेला बायकांच्या नाताळला मला तुझ्या हातचं जेवण पाहिजे," ती म्हणाली. "हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्या ताटात. नाही मिळालं तर सात तारखेला मी बहिणीकडे जाते. परत कधी यायचं ते तिकडे गेल्यावर ठरवीन."

मॉर्टी हसला. मी हसले नाही, कारण त्याच आठवड्यात तिनं माझी मोठी बॅग मागून नेली होती. शिवाय ही बहीण मॉर्टीबद्दल काय वाईटसाईट बोलते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याला नंतर बाजूला घेऊन हे सांगितलं, तेव्हा त्याचं हसू मावळलं आणि बिजागऱ्यांचे पैसे घ्यायलाही तो विसरला.

बायकांचा नाताळ म्हणजे सहा जानेवारी. त्या दिवशी आमच्याकडे बाईनं इकडची काडी तिकडे करायची नसते. नाताळचे बारा दिवस राबून झालेल्या बायका ठेवणीतले कपडे घालून दुपारपासून गावच्या हॉलमध्ये बसतात, आणि पुरुष आपापल्या घरी एकेक पदार्थ करून संध्याकाळी तिथं आणून वाढतात. बायका प्रत्येक पदार्थाला नावं ठेवतात आणि संपवतात. पुरुषांना वर्षभरात या एका दिवसाची जितकी धास्ती असते तितकी आमच्या वादळांची नसते.

मॉर्टीनं बदक आणलं होतं. दोन दिवस तो त्या बदकाशी बोलत होता असं शेजारी सांगतात. संत्री, कांदा, आत भरायला पावाचा चुरा, सगळं तयार. दुपारी त्यानं ते ओव्हनमध्ये सरकवलं आणि मंद आचेवर ठेवलं. आणि थोड्या वेळानं पेजर वाजला.

मी हॉलमध्ये डिम्पनाशेजारीच बसले होते, हिरव्या रेशमी पोशाखात, हातात शेरी वाइनचा पेला. मी पळत बोटघरात पोचले तर डोनल मला अडवायला लागला. तू बस, आज तुमचा दिवस आहे, मी दुसरं कुणीतरी घेतो, वगैरे.

"डोनल," मी म्हटलं, "आज मी घरकाम करत नाही. हे घरकाम आहे का?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"मग सरक."

रेशमी पोशाखावर मी तेलकट पिवळा डगला चढवला आणि बसले. मॉर्टीनं ट्रॅक्टरनं आम्हांला पाण्यात सोडलं. जाता जाता डोनल ओरडला, माझं हॅम ओव्हनमध्ये आहे. न्हावी ओरडला, माझं माशांचं कालवण. पाठोपाठ सगळेच ओरडायला लागले. सगळ्या घरांत एकाच वेळी काहीतरी शिजत होतं, असा दिवस वर्षातून हा एकच. मॉर्टीनं हात वर केला, म्हणजे समजलं, निर्धास्त जा.

खबर अशी होती की खाडीतून एक लहानसं जंगल बाहेर चाललंय. फोन करणाऱ्या म्हाताऱ्यानं शपथेवर तेच सांगितलं होतं. जवळ गेलो तर मॉसी आणि जेरी टूमी हे दोघे भाऊ. सहा तारखेला घराघरांतली नाताळची झाडं उतरवतात, ती गोळा करून हे समोरच्या बेटावरच्या आपल्या शेळ्यांना खायला नेत होते. होडीत झाडं उभी रचलेली. इंजिन बंद पडलं, आणि वारा त्या झाडांत असा भरला की होडी थेट काळ्या खडकांकडे निघाली. झाडं पाण्यात फेका म्हटलं तर मॉसी म्हणाला, शेळ्या उपाशी आहेत. डोनलनं त्याला शेळ्यांसकट जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. खडक अगदी जवळ आले तेव्हा आमचा दोर त्यांच्या हातात पडला. तोवर हसत होतो, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

ओढत परत येताना उजेड मावळत होता. मी किनाऱ्याकडे बघत होते, आणि मला चढावरच्या घरांतून जाड काळा धूर वर जाताना दिसला.

"कुणाचं तरी स्वयंपाकघर गेलं," मी म्हटलं.

"शक्यच नाही," डोनल मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाला. "मॉर्टी आहे ना."

तो धूर मॉर्टीच्याच खिडकीतून येत होता.

झालं होतं असं. मॉर्टीचं घर चढावर, फेरीच्या शेवटी. बदकाला अजून पुष्कळ वेळ आहे, आपलं सर्वांत शेवटी बघू, असा त्यानं हिशेब केला आणि आधी डोनलकडे शिरला. हॅमवर मध लावायचं राहिलं होतं, ते लावलं. न्हाव्याचं कालवण पाणचट, ते आटवलं. तिसऱ्या घरी पोर रडत होतं, त्याला काखेत घेऊन त्यानं सफरचंदं भाजली. दर घरी त्याला वाटत होतं की या बापड्याची आज बायकांसमोर शोभा व्हायला नको. आणि आम्हां सगळ्यांचे ओव्हन बंद करून तो समाधानानं गाडीत बसला, तेव्हा त्याला धूर दिसला. आग लागली नव्हती. पण आत जे होतं त्याला बदक म्हणायचं तर फार मोठं मन लागलं असतं.

आमच्या प्रत्येकाच्या घराची किल्ली मॉर्टीकडे होती. त्याच्या घराची किल्ली कुणाकडेच नव्हती, आणि ती असायला हवी हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला हे आठवलं की अजून राग येतो, आणि तो मॉर्टीवर नसतो.

संध्याकाळी हॉलमध्ये आमची वरात शिरली. गुडघाभर पिवळे बूट, केसांत मीठ, हातांत वाफाळलेली ताटं. बायकांनी चव घेतली. हॅमला पांढऱ्या मिरीचा वास. कालवणाला पांढऱ्या मिरीचा वास. सफरचंदांतसुद्धा मिरी. सगळं कुणी उरकलंय हे कळायला वेळ लागला नाही, आणि हॉल हसून हसून लोळायला लागला. डिम्पना हसली नाही. तिच्यासमोरचं ताट रिकामं होतं आणि त्यात ती कुणाला काही वाढू देत नव्हती. डोनलनं हॅमचा तुकडा पुढे केला, तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

मग मॉर्टी आला. डगल्याला धुराचा वास, हात काळे. ताट वगैरे काही नाही.

"डिम्पना, बदक जळालं," तो म्हणाला. "सगळ्यांचं बंद केलं आणि आपलं विसरलो."

मी त्याला वीस वर्षं ओळखते. एवढं थोडं बोललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

डिम्पनानं त्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं. "टूमींची पोरं आली का परत?"

"आली. दोघंही."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता मी जेवणार काय?"

मॉर्टीनं आत डोकावून पाहिलं. हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात थोडे बटाटे आणि अंडी होती, तेवढं त्यानं सांगितलं. कर मग, ती म्हणाली, मला घाई नाही, आज माझा दिवस आहे. तो आत वळला. आम्हां सगळ्यांनाच इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की डोनल, न्हावी, मी, सगळे एकदम मदतीला उठलो.

"बसा खाली," डिम्पना म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "तुम्ही सगळ्यांनी त्याला वीस वर्षं वापरलंय. आजची संध्याकाळ तो माझा आहे."

आम्ही बसलो. आतून सुरी खाली पडल्याचा आवाज आला, मग तव्यावर तेल उडाल्याचा, मग मॉर्टीचा एक शब्द, जो कोपऱ्यात बसलेल्या पाद्रीबाबांनी ऐकला नसावा असं धरून आम्ही चाललो. चाळीसेक बायका आणि ओले पुरुष एका बटाट्याच्या भाजण्याकडे कान लावून बसले होते. न्हाव्यानं हळूच मला विचारलं की ती खरंच जाईल का. मी म्हटलं, बॅग माझीच आहे, ती भरून ठेवलेली मी सकाळीच पाहिली.

मॉर्टी ताट घेऊन बाहेर आला. दोन अंडी आणि जाडेभरडे चिरलेले बटाटे, काही करपलेले, काही कच्चे. एका दुपारी पाच घरांच्या टर्की भाजणाऱ्या माणसाचं हे ताट. त्यानं ताट तिच्यासमोर ठेवलं आणि शेजारी उभा राहिला, तर तिनं त्याला बाजूची खुर्ची पायानं ओढून दिली.

ती सावकाश जेवली. शेवटचा बटाटासुद्धा खाल्ला, करपलेला. मॉर्टी दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होता. ताट रिकामं झाल्यावर तिनं तोंड पुसलं.

"अंडं कडक झालंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मऊ कर."