नायकाच्या ओसरीवरचा इन्स्पेक्टर

बंद पडून जमाना लोटलेली ती पोलिसांची मालिका यंदा पुन्हा सुरू झाली आणि साखऱ्याच्या शिवारातला तांडा हरखून गेला. तोच इन्स्पेक्टर, आता पिकल्या केसांचा. तीच त्याची थप्पड. आणि थप्पड बसताच गुन्हा कबूल करणारा तसाच कुणी फाटका माणूस. हळद शिजवण्याच्या कढईवर उभी हयात घालवलेल्या थावरा राठोडला या थप्पडीची पहिल्यापासून घृणा होती. चोर कसा दिसतो हे ती पाहणाऱ्यांच्या मनावर कायमचं कोरते, असं तो उघड म्हणे; लोक हसत.

त्या संध्याकाळी तो तांड्याचा प्रमुख असलेल्या रूपसिंग नायकाच्या ओसरीवर आला तो मालिकेसाठी नव्हे. थावराच्या मुलाला, जगनला, पोलिसांनी दुपारी मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून नेलं होतं. अशा वेळी नायकाने पंचांसह ठाण्यात जाऊन आपल्या माणसाची हमी घ्यायची, ही तांड्याची रीत. एकट्या बापाच्या बोलण्याला तिथे वजन नसे.

"नायक, निघायचं ना?"

रूपसिंगची नजर पडद्यावरून हलली नाही. "बस थावरा. आता थप्पड बसंल."

"माझं लेकरू तिथं बसून राहिलं!"

"खरा चोर शेवटाला सापडतोच. जगन बराबर सुटून येईल. तकलीफ काहून घेतो?"

पडद्यावर तीन संशयित उभे होते: बंगल्याचा मालक, त्याचा मेहुणा आणि मळक्या धोतरातला, लाल पागोट्याचा गडी.

"ह्योच! पागोटंवाला!" पंचांपैकी किसनसिंग ओरडला. त्याच्या डोक्यावरही तसलंच पागोटं होतं.

नायकाची बायको मिराबाई हसली. "थोबाडच सांगून राहिलं की!"

थावराने पुढे होऊन टीव्ही बंद केला. "अन् जगनचं थोबाड काय सांगतं, भाबी?"

किसनसिंग दुसरीकडे पाहत पुटपुटला, "पोलिस उगं न्हेत न्हाईत, थावरा. कायतरी असंलच."

"लाव रे ते," रूपसिंग म्हणाला. "निकाल पाहू दे. जगनचं सकाळी पाहू."

किसनसिंगने उठून टीव्ही लावला. थावरा क्षणभर त्या उजळलेल्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. यांनाच तो हमीदार म्हणून न्यायला आला होता.

"सकाळी येऊच नका तुमी," तो म्हणाला. "साहेबानं इचारलं, तर तुमीच माझ्या पोराकडं बोट दाखवाल."

नायकाला मागे ठेवून तो एकटाच ठाण्याच्या वाटेला लागला.