पत्रकातून गाळलेला उंदीर

ते पत्रक मीच लिहिलं. वसमतच्या छापखान्यात उभ्या उभ्या, घाईत. ‘पिढीजात अंधत्वावर इलाज सापडला, सरकार झोपलंय का?’ पेपरातल्या ज्या बातमीवरून लिहिलं, तिच्यात ‘उंदरांमध्ये’ असा एक शब्द होता, तो मी गाळला. मी ज्या संघटनेचं काम करतो, तिथं आम्हाला शिकवलंच तसं होतं : मथळ्यात ज्या शब्दावर वाचणारा अडखळतो तो काढा. उंदीर अडखळत होता.

माझ्या थोरल्या बहिणीला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचा माणूस दिसतो, बाजूची म्हैस दिसत नाही. नळी वर्षागणिक बारीक होतेय. आमचे आईबाप आतेमामे भावंडं, दोष तिथूनच आलेला. आणि एवढं डोळ्यांदेखत असून मामाला ताई आपल्याच पोरासाठी पाहिजे होती. भाची बाहेर द्यायची नाही म्हणे.

पत्रक घेऊन मी ऐटीत नांदेडला, ताईचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला सरळ झापलं. हा इलाज उंदरांवर झालाय. उंदराच्या डोळ्यात, आपण ज्यानं वाचतो तो मधला ठिपकाच नसतो. तिथं जमलं म्हणजे माणसात जमेल असं नाही, आधी बरंच तपासावं लागतं. ते उंदीर कुठून आणतात, हेही सांगितलं. दोष टिकावा म्हणून भावा-बहिणींचीच पिलं काढत राहतात, पिढ्यान् पिढ्या. आणि लग्न करायचंच असेल, तर मामाच्या पोराचं रक्त आधी तपासा, तोच दोष त्याच्यातही लपलेला असू शकतो म्हणाल्या.

मामाला मी तेवढंच सांगितलं. त्यानं खिशातून माझंच पत्रक काढलं. आखाडा बाळापूरच्या बाजारात मीच वाटलेलं, घामानं मऊ झालेलं.

“इलाज निघाला म्हणून तूच छापलंस ना? मग आमचं रक्त काहून तपासायचं? आमच्यात खोट हाय का?”

मी ते उंदरांचं आहे म्हणालो. मामानं पत्रक उलटंपालटं करून बघितलं आणि उंदीर कुठं लिवलाय ते दाखव म्हणाला. आई चहा ओतायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली, मामाकडे नाही. मी कपबश्या सरळ करत बसलो. एरवी तहसीलदारासमोर तासभर बोलणारा मी.

ताई आतून आली, भिंतीला हात लावत. डॉक्टरीणबाईंचं सगळं मी तिला सांगितलेलं होतं.

“मामा, त्या उंदरांची सोयरीक बी घरातल्या घरातच लावत्यात. लेकरं आंधळी निपजावीत म्हणून मुद्दाम. तुमी तर फुकटच करून राहिले.”

मामा उठला. चहा तसाच राहिला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तोंड ताईनं उघडलं, शिक्षा मला. बरोबरच होती.

दुसरं पत्रक मी काढलं. पहिल्याच ओळीत उंदीर. संघटनेचा म्होरक्या म्हणाला, हे कोण हातात घेईल? त्याचं खरं निघालं. लोक उंदरापर्यंत वाचायचे आणि परत द्यायचे. पहिलं पत्रक मात्र एकानंही परत दिलं नव्हतं.

मामानं पोराचं लग्न दुसरीकडे उरकलं. आता लग्नकार्यात तो जुना कागद काढतो, चारचौघांत वाचून दाखवतो. औषध आलेलं असताना पोरीनं नखरे केले म्हणतो. ताईच्या कानावर येतं. तिच्यासाठी आलेल्या दोन स्थळांनी तेवढ्यावरच नकार कळवला.

मी मामाला खोटारडा म्हणू शकत नाही. कागदावर खाली नाव माझंच आहे.