कोपरा फाडलेली पत्रं

शनिवार पेठेतल्या आमच्या संस्थेत मी मेलेल्या माणसांचे कागद लावते. कुणाचं घर विकलं जातं, कुणाची मुलं परदेशी असतात, मग खोकी आमच्याकडे येतात. सोबत चिठ्ठी असते की हा अमूल्य ठेवा आहे. बहुतेकदा तो वाण्याच्या याद्या आणि लग्नपत्रिकांचा ठेवा असतो. मी हे तोंडावर बोलून दाखवते, म्हणून देणगीदारांना शक्यतो माझ्यासमोर बसवत नाहीत.

त्या कवयित्रीची खोकी मात्र मी स्वतः मागून घेतली. ती लग्न होऊन कॅनडाला गेली आणि तिथल्या एका लहान गावात आयुष्यभर मराठीत कविता लिहीत राहिली. घरात मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. दोन बारीकशी पुस्तकं पुण्यात निघाली, ती फारशी कुणी घेतली नाहीत. ती गेल्यावर मुलीने सगळे कागद आमच्याकडे पाठवले आणि मागोमाग मेल केला. तिला मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आई तिला म्हणाली होती, ‘तुझी आजी गेल्याचं पत्र आलं ना, त्याच पत्रावर मी एक कविता लिहिली आहे. ती कुणाकडून तरी वाचून घे.’ त्या एका कवितेसाठी मुलगी गुरुवारी पुण्याला येणार होती.

पत्रं सापडली. चौदा निळी एरोग्राम, म्हणजे विमानाने जाणारी घडीची पत्रं, दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकाचा एक कोपरा फाडलेला. आजच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. कुणी गेल्याचं पत्र पूर्वी असं कोपरा फाडून पाठवत, म्हणजे घेणाऱ्याला उघडण्याआधीच समजे. ते वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. माझे वडील असं पत्र उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचत. या बाईने मात्र चौदाच्या चौदा जपली होती. एकाच्याही वेळी तिला इकडे येता आलं नव्हतं. मरणाची बातमी चार ओळींत संपते, खाली कागद कोरा राहतो. त्या कोऱ्या जागेत तिच्या कविता होत्या, आणि पुस्तकांत त्यातली एकही नव्हती.

आमची पद्धत अशी की आधी यादी, मग स्कॅन. गठ्ठ्याची पूर्ण यादी झाल्याशिवाय एकाही कागदाचा फोटोसुद्धा काढायचा नाही. हा नियम मीच केलेला. सोमवारी यादीला बसले, नऊ पत्रं झाली आणि फोन आला की नवऱ्याच्या छातीत दुखतंय. मंगळवारी त्याची अँजिओप्लास्टी झाली. बुधवारी संध्याकाळी मी दवाखान्यातून संस्थेत गेले, तो गठ्ठा पिशवीत घातला आणि कर्वेनगरला घरी निघाले. कागद बाहेर न्यायचे नाहीत हा नियमही माझाच. उरलेली पाच पत्रं घरी नोंदवू, सकाळी स्कॅन करू, दुपारी मुलगी येईल, असं मनात होतं.

दाराशी आले, कुलूप उघडलं आणि पाय अडला. मी ग्रहणात भजी तळणारी बाई. सासूबाईंशी जन्मभर याच गोष्टींवरून वाद घातले. पण नवरा आयसीयूत होता आणि माझ्या हातात चौदा मरणं होती. ती आत नेववेनात. मला भीती वाटली, सरळ भीती. पिशवी बाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवली, आत जाऊन आंघोळ केली. तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं, तशीच धावले. सकाळी परत आले तेव्हा स्टँडवर फक्त चपला होत्या.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला एक बाई बरीच वर्षं येतात. त्यांना फाटकाशी ढकलगाडीपाशी गाठलं.

“अहो, चपलांपाशी पिशवी होती. निळी पत्रं.”

“होती की. कोपरा फाटल्याली.”

“कुठायत?”

“फाडून टाकली ताई. तुम्ही नका काळजी करू, रद्दीत नाय घातली. असलं पत्र दारात ठेवत्यात व्हय? त्यात साहेब दवाखान्यात हाइत. बारीक फाडली, नळाखाली भिजवली आन् ओल्या कचऱ्यात टाकली. गाडी गेली बी.” मग त्यांनी विचारलं, “साहेबास्नी बरं हाय ना आता?”

मी बरं आहे म्हणाले. त्यांच्यावर ओरडायला तोंड नव्हतं. मला जे वाटत होतं आणि करायची लाज वाटली, ते त्यांनी माझ्या भल्यासाठी नीट पार पाडलं होतं.

दुपारी मुलगी आली. पन्नाशीची, केस आखूड कापलेले. आल्या आल्या मला ‘मावशी’ म्हणाली, आईने शिकवलं असणार. आमचे संचालक आधीच सुचवून गेले होते की पाणी गळून कागद खराब झाले असं सांगा. मी सगळं खरं सांगितलं, चपलांच्या स्टँडसकट. ती रडली नाही, चिडलीही नाही.

“फोटो नाही?”

“नाही.”

“मग तुम्ही सांगा ना, मावशी. तुम्ही वाचली आहे. आठवते तेवढी सांगा.”

मी ती वाचली नव्हती. वरच्या चार ओळी वाचल्या होत्या, कोण गेलं आणि कधी, ते नोंदीत लागतं म्हणून. खालच्या ओळी मोजल्या होत्या. कविता नंतर निवांत वाचायच्या, असं ठरवलं होतं. हेही तिला सांगितलं.

“मग काय लिहिलं तुम्ही?” तिने विचारलं.

मी यादी उघडली आणि वाचून दाखवलं. “एरोग्राम, एक. कोपरा फाडलेला. आईच्या निधनाची वार्ता. खाली कवयित्रीच्या हस्ताक्षरात कविता, ओळी एकोणीस, शाई निळी. स्थिती चांगली.”

तिने फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाली, “परत एकदा वाचा, मावशी. सावकाश.”